पुढचे पिस्तूल कुठे ठरते?

१९८६ साली अमेरिकेतल्या कारखान्यांतून साडेसात लाखांहून अधिक रिव्हॉल्व्हर बाहेर पडली. पिस्तुले निघाली साडेसहा लाखांच्या थोडी वर. पुढच्याच वर्षी पारडे फिरले आणि पुन्हा कधी उलटले नाही. २०२१ मध्ये पिस्तुलांचा आकडा ६७ लाखांवर होता, रिव्हॉल्व्हरचा साडेअकरा लाखांच्या घरात. ही आकडेवारी तिथले एटीएफ हे केंद्रीय खाते दरवर्षी छापते, तीही वर्षभर उशिराने.

एवढी उलथापालथ झाली म्हणजे मधे एखादा मोठा शोध लागला असेल, असे वाटते. तसे काही नव्हते. गोळी सुटल्यावर आपले आपण पुढचे काडतूस नळीत चढवणारे पिस्तूल तेव्हा चांगले जुने होते. जॉन ब्राउनिंगचे पिस्तूल अमेरिकी लष्कराने १९११ मध्येच घेतले होते. यंत्र पाऊणशे वर्षे तयार होते आणि तरी पोलिसांच्या कमरेला सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हरच होते. म्हणून पुढे कोणते पिस्तूल चालेल याचा अंदाज बांधणाऱ्याने कारखान्याच्या चित्रशाळेत डोकावू नये. चौकशीचे अहवाल, कायद्याची कलमे आणि सरकारी निविदा वाचाव्यात. रटाळ काम आहे, पण उत्तर तिथेच असते.

११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयचे लोक आणि दोन दरोडेखोर यांच्यात चकमक झाली. एफबीआयचे दोघे मेले, पाच जखमी झाले. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच लागलेली ९ मिमीची गोळी हृदयापासून थोडक्यात अलीकडे थांबली आणि त्यानंतरही तो लढत राहिला. चौकशीचा रोख त्या गोळीवर वळला. गोळी जिलेटिनच्या ठोकळ्यात किमान १२ आणि जास्तीत जास्त १८ इंच शिरली पाहिजे, असा निकष पुढे रूढ झाला. एफबीआयने आधी १० मिमीचे जड काडतूस धरले. त्याचा झटका अनेकांना झेपेना, तेव्हा ते आखूड करून १९९० मध्ये .४० एस अँड डब्ल्यू आले आणि देशभरच्या पोलीस खात्यांनी त्याच्यासाठी रांग लावली. दरम्यान गोळ्यांची घडण सुधारली आणि तोच निकष ९ मिमीही पार करू लागले, शिवाय कमी झटक्यात. पुरती पंचवीस वर्षे लोटल्यावर एफबीआय ९ मिमीवर परतले आणि खाती मागोमाग निघाली. जॉर्ज लुगरचे हे काडतूस विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतले आहे. त्याला बाजूला सारायला २०२२ मध्ये .३० सुपर कॅरी आले. त्याचे कागदावरचे गुण खरे होते; पण ज्याच्या गोळ्या गल्लीतल्या दुकानात स्वस्त मिळतात त्याला हलवणे कठीण.

कायद्याचा हात आणखी जड. १९९४ च्या केंद्रीय कायद्याने नागरिकांसाठी दहापेक्षा जास्त गोळ्यांची नवी मॅगझिन बंद केली. कारखानदारांनी साधा हिशेब केला: दहाच गोळ्या द्यायच्या तर पिस्तूल मोठे कशाला? पुढच्या वर्षी ग्लॉक २६ आले, मूठभर आकाराचे. २००४ मध्ये बंदी संपली, पण लहान पिस्तुलाची चटक राहिली. कारण तोवर राज्यामागून राज्य छुपे शस्त्र बाळगण्याचे परवाने सढळपणे देऊ लागले होते. फ्लोरिडाने १९८७ मध्ये ही वाट दाखवली. आज निम्म्याहून अधिक राज्यांत परवानाही लागत नाही. शस्त्र कपाटातून कमरेला आले आणि जाडी हा मोठा प्रश्न झाला. टी-शर्टाखाली पाव इंचाचा फुगवटाही दिसतो.

इथे जरा थांबून मॅगझिनचे पोट उघडून बघू. ९ मिमीचे काडतूस बुडाशी जवळजवळ १० मिमी रुंद असते. ती एकावर एक सरळ रचली तर मूठ पातळ राहते, पण गोळ्या सहा-सातच बसतात. अरुंद बरणीत लाडू एकाच ओळीत भरावेत तसे. बरणी थोडी रुंद केली की लाडू एक डावीकडे, एक उजवीकडे असे खाचेत बसतात आणि तेवढ्याच उंचीत दीडपट-पावणेदोनपट मावतात. मोठ्या पिस्तुलांत ही रचना कधीचीच होती, पण मूठ जाड व्हायची. २०१८ मध्ये आलेल्या सिग पी३६५ ने मधला मार्ग काढला. खाली तिरपी रचना, वर जाताना लवकर निमुळती होऊन एकेरी, आणि भोवतीच्या भिंतींतला प्रत्येक अर्धा मिलिमीटर छाटलेला. जाडी सुमारे एक इंच, गोळ्या दहा. तीन वर्षे आधी आलेल्या, जवळपास तेवढ्याच ग्लॉक ४३ मध्ये सहा होत्या. या हिशेबाने बाजार हलवला. स्प्रिंगफील्डने अकरा दिल्या, स्मिथ अँड वेसनने मुठीखाली थोडी वाढ घेऊन तेरा.

माझ्या मते लहान होण्याची ही शर्यत संपली आहे. माणसाचा पंजा लहान होत नाही आणि हलक्या पिस्तुलाचा झटका जास्त बसतो. पी३६५ चीच पुढची भावंडे पाहा: २०१९ मध्ये लांब मुठीचे, २०२२ मध्ये सतरा गोळ्यांचे. जाडी तीच, उंची वाढती. पुढची काही वर्षे पातळ पण उंच पिस्तुलांची जातील.

दुसरा बदल नेम धरण्यातला, आणि तो मला जास्त रंजक वाटतो. जुन्या पद्धतीत मागची खाच, पुढची खूण आणि लक्ष्य या तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या असतात. तिन्ही वेगवेगळ्या अंतरावर, आणि डोळा एका वेळी एकच स्पष्ट दाखवतो. चाळिशीनंतर सुईत दोरा ओवायला बसलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. लाल ठिपक्याच्या साइटमध्ये लहान दिवा तिरप्या काचेवर उजेड टाकतो. काच तो परतवते आणि ठिपका दूरवर, लक्ष्याजवळच तरंगल्यासारखा दिसतो. नजर लक्ष्यावर ठेवायची, ठिपका तिथे आणायचा. डोके थोडे हलले तरी ठिपका फारसा चुकत नाही.

हे तंत्र नेमबाजीच्या स्पर्धांत १९९० च्या सुमारासच आले होते. तेव्हाची साइट डबाभर मोठी. ती सरकत्या वरच्या भागावर बसेल आणि प्रत्येक गोळीचा हादरा सोसेल इतकी लहान व्हायला वीसेक वर्षे गेली. ग्लॉकने तिच्यासाठी खोबण कापलेली पिस्तुले २०१५ मध्ये आणली. २०१७ मध्ये अमेरिकी लष्कराने सिग पी३२० निवडले, तेही साइट बसवता येईल असेच. आधी स्पर्धा, मग पोलीस आणि लष्कर, शेवटी सामान्य गिऱ्हाईक, असा हा क्रम. पुढे काय येणार हे बघायचे तर आज स्पर्धक काय वापरतात ते बघावे आणि त्यात पंधरा-वीस वर्षे मिळवावीत.

आता न झालेले भाकीत. मालकाच्याच हातात चालणारे ‘स्मार्ट’ पिस्तूल पंचवीस वर्षे उंबरठ्यावर आहे. न्यू जर्सीने २००२ मध्ये उत्साहाने कायदा केला: असे पिस्तूल देशात कुठेही विक्रीला आले की तीन वर्षांनी राज्यात फक्त तसलीच विकायची. परिणाम उफराटा झाला. पहिले स्मार्ट पिस्तूल विकणारा बाकी सगळ्यांवर बंदी ओढवून घेणार, म्हणून कोणी धजेना. २०१४ मध्ये आर्मॅटिक्सचे, घड्याळाशी जोडलेले पिस्तूल विकू पाहणाऱ्या मेरीलँडच्या दुकानदाराला धमक्या आल्या आणि त्याने माघार घेतली. पुढे त्याचे कुलूप स्वस्तातल्या चुंबकांनी उघडते हेही एकाने दाखवून दिले. ते कलम २०१९ मध्ये सैल झाले. आता बायोफायरचे, बोटाचा ठसा आणि चेहरा ओळखणारे पिस्तूल आले आहे. पोलिसांनी ते स्वतःच्या कमरेला लावेपर्यंत ते हौशी आणि घरात लहान मुले असलेल्या काहींपुरतेच राहील, असे मला वाटते.

खपाचे गणित निराळेच. बंदीच्या नुसत्या चर्चेने दुकाने रिकामी होतात. २०२० मध्ये महामारी, दंगली आणि निवडणूक एकत्र आली आणि मागणीने विक्रम केला. उलट शस्त्रधार्जिणे सरकार आले की धंदा मंदावतो. ट्रम्प सत्तेवर असताना, मार्च २०१८ मध्ये रेमिंग्टनने दिवाळखोरीचा अर्ज केला होता.

पिस्तूल कायदा ठरवतो, हा नियम आपल्याकडे अधिक उघडा दिसतो. ९ मिमी नागरिकाला वर्ज्य, म्हणून परवानाधारकाच्या हाती .३२. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये ‘निर्भीक’ हे अर्धा किलोचे टायटॅनियमचे रिव्हॉल्व्हर काढले. धातू नवा, काडतूस एकोणिसाव्या शतकातले. ते आवडते म्हणून कोणी घेत नाही, दुसरे मिळत नाही म्हणून घेतात.

आणि अगदी ताजे उदाहरण. ऑक्टोबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला: ज्या पिस्तुलांत सहज फेरफार करून सलग मारा करता येतो, ती दुकानदारांनी १ जुलै २०२६ पासून विकायची नाहीत. रोख ग्लॉकच्या रचनेवर होता. त्याच महिन्यात ग्लॉकने आपली बरीच मॉडेल थांबवत असल्याचे सांगितले आणि आतून बदललेली ‘व्ही’ मालिका जाहीर केली.