घसरून पडला म्हणून लिहा

उसाचा हंगाम लागला की पुणे–सोलापूर महामार्गालगतच्या सरकारी दवाखान्यांत रात्रपाळी कुणालाच नको असते. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, ट्रॉलीला ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, वर हातभर बाहेर आलेला ऊस. आणि मागून तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर उरकून झोपाळल्या डोळ्यांनी परतणारी मोटार. पुढचं सगळं तासाभरात उपजिल्हा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत येऊन पोचतं. अशाच एका कॅज्युअल्टीत मी काही रात्री काढल्या. तीन खाटा, ऑक्सिजन, सक्शन, ड्रेसिंगची ट्रॉली आणि कोपऱ्यातल्या टेबलावर एमएलसीचं, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसेसचं, जाडजूड रजिस्टर. सुरुवातीला रक्त बघून पोटात कालवायचं. पुढे लक्ष त्या रजिस्टरकडेच जायला लागलं.

108 ची गाडी दारात लागते. महाराष्ट्रात ही सेवा 2014 मध्ये सुरू झाली, आणि गाडीत डॉक्टर असतो हा तिचा मोठा आधार. तो उतरता उतरता सांगतो, "मोटार, मागून ट्रॉलीला. तिघं आहेत. ड्रायव्हर शुद्धीत, शेजारचा ओरडतोय, मागची बाई गप्प आहे." ड्यूटीवरच्या डॉक्टर मॅडम सरळ गप्प बाईकडे वळतात. ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे हे त्याच्या ओरडण्यावरूनच कळलेलं असतं. नातेवाइकांना हे पटत नाही. कपाळ फुटलेल्या पोराचा शर्ट रक्तानं भिजलाय आणि डॉक्टर मात्र अंगावर ओरखडाही नसलेल्या बाईचं पोट चाचपतायत, यावरून चांगली बाचाबाची झालेली मी पाहिली. डोक्याच्या कातडीत रक्तवाहिन्या भरपूर, त्यामुळे लहानशी खोकही भळाभळा वाहते. दाबून धरली, टाके घातले की बहुधा थांबते. मुका मार लागलेल्या पोटात मात्र लिटर-दोन लिटर रक्त साठतं आणि बाहेरून काही दिसत नाही. नाडी जलद, हात गार, ओठ पांढरे, एवढीच खूण.

3 जून 2014 ला गोपीनाथ मुंडे दिल्लीत गेले, तेव्हा सगळा महाराष्ट्र हेच विचारत होता: अंगावर मोठी जखम नाही, मग माणूस गेला कसा? शवविच्छेदनात यकृताला आणि मानेच्या मणक्याला इजा झाल्याचं निघालं. ते मागच्या सीटवर बसले होते. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले, तेही मागच्याच सीटवर, पट्टा न लावता. तरी आपल्याकडे मागच्या सीटचा पट्टा गादीखाली दडपलेला असतो, रुतू नये म्हणून.

"कुठं बसला होतात? पट्टा होता? स्वतः बाहेर आलात की लोकांनी काढलं?" श्वास आणि रक्तस्राव बघून झाल्यावर मॅडमचे हे तीन प्रश्न ठरलेले. यांच्या उत्तरांत अर्धं निदान असतं. चालकाची छाती स्टिअरिंगवर आदळते, म्हणून छातीचं मधलं हाड आणि बरगड्या बघायच्या. शेजारच्याचे गुडघे डॅशबोर्डवर आपटतात. तो ओरडणारा पोरगा "गुडघा, गुडघा" म्हणत होता. मॅडमनी गुडघा बघितला आणि नजर वर खुब्यावर नेली. पाय आखूड झालेला, आत वळलेला. गुडघ्यावर बसलेला दणका मांडीच्या हाडातून वर जातो आणि खुब्याचा गोळा वाटीतून मागे निसटतो. तो पाच-सहा तासांच्या आत जागेवर बसवावा लागतो, नाहीतर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरण्याचा धोका वाढतो. गुडघ्याला क्रेप बँडेज बांधून त्याला घरी पाठवला असता, तर वर्षभरानं लंगडत परत आला असता. हाडांच्या डॉक्टरांना आणि भूलतज्ज्ञांना तेव्हाच फोन गेला.

पट्ट्यानं छातीवर वळ उठतो, आणि "पट्ट्यानंच लागलं" म्हणत लोक पट्ट्याला शिव्या घालतात. वळ उठला याचा अर्थ पट्ट्यानं आपलं काम केलं. काळजी करायची ती कमरेचा पट्टा ओटीपोटाच्या हाडावर न बसता पोटावर सरकलेला असेल तर. मग पट्टा आणि पाठीचा कणा यांच्या कात्रीत आतडं सापडतं. त्या रात्री सोनोग्राफीत काही दिसेलच असं नाही. दुसऱ्या दिवशी ताप चढतो, पोट लाकडासारखं घट्ट होतं, तेव्हा कळतं की आतडं फुटलंय. म्हणून पोटावर वळ दिसला की मॅडम पेशंटला सोडत नाहीत, तो "मला काही झालं नाही" म्हणत कितीही हुज्जत घालो.

डोक्याचंही तसंच. मार लागतो, माणूस क्षणभर बेशुद्ध होतो, मग उठून बसतो, चहा मागतो, फोनवर बोलतो. कवटीच्या आत मात्र रक्ताची गाठ वाढत असते. दोन-चार तासांनी उलट्या, सुस्ती, एका डोळ्याची बाहुली मोठी. नातेवाईक म्हणतात, "दमलाय, झोपू द्या." सिस्टर मात्र तासातासाला त्याला उठवून नाव विचारते, हात दाबायला लावते, डोळ्यांत बॅटरी मारते आणि तक्त्यावर आकडा लिहिते. पूर्ण शुद्धीला 15 गुण, सर्वांत कमी 3. आकडा दोननं उतरला की सोलापूरला पाठवायची चिठ्ठी तयार. घरी नेलेल्या माणसाला असं तासातासाला कोण उठवणार?

मान दुसऱ्या दिवशी सकाळी धरते, हे बहुतेकांना अनुभवानं माहीत असतं. झटक्यानं ताणलेले स्नायू रात्रभरात आखडतात. तेवढंच असेल तर गोळ्या आणि थोडे दिवस जपून हालचाल पुरते. पण हाताला मुंग्या येत असतील, पकड सैल झाली असेल, तर एक्स-रे, सीटी झाल्याशिवाय मान हलवू द्यायची नाही. कॅज्युअल्टीतले मामा या बाबतीत भल्याभल्यांना गप्प करतात. पेशंटला कुशीवर करायचं तर चौघं लागतात, एक फक्त डोकं धरायला, आणि "एक, दोन, तीन" म्हणून सगळे एकदम. रस्त्यावर नेमकं उलटं होतं: दोघं हात धरतात, दोघं पाय, आणि जीपच्या हौद्यात टाकून आणतात. गाडीनं पेट घेतला नसेल, पाण्यात पडली नसेल, तर 108 येईपर्यंत डोकं आणि मान एका रेषेत धरून बसणं ही मोठीच मदत. वाहणाऱ्या जखमेवर स्वच्छ फडकं दाबून धरायचं. आणि पाणी पाजायचं नाही. पाणी नाकारणं आपल्या लोकांना जिवावर येतं; पण भूल द्यायची वेळ आली तर पोटातलं पाणी उलटून फुप्फुसात जाऊ शकतं.

मावशी तोवर फरशीवरचे काचेचे दाणे झाडत असतात. पुढची काच तडकते पण चिकटून राहते. बाजूच्या काचांचा चुरा होतो आणि तो केसांत, कानात, खिशात सापडत राहतो. सिस्टर त्या गप्प बाईच्या बांगड्या, मंगळसूत्र उतरवून दोघांसमक्ष यादी करते आणि दिराची सही घेते. सोनोग्राफीत पोटात रक्त दिसलं होतं. बाई सोलापूरच्या वाटेला लागल्या.

यानंतर रजिस्टरची वेळ. कपाळाला टाके पडलेल्या चालकाचा चुलतभाऊ टेबलापाशी आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, ह्याचं तेवढं मोटारसायकलवरनं घसरून पडला म्हणून लिहा की. कशाला पोलिसांचं झेंगट मागं?" मॅडमनी मान वर केली नाही. झेंगट असं होतं की चालकाकडे लायसन्स नव्हतं, आणि खुबा निसटलेल्याकडे होतं. दहा मिनिटांनी नवी मागणी आली: गाडी खुबेवालाच चालवत होता असं लिहा. मॅडमनी दोघांचे शर्ट पुन्हा बाजूला केले. आपल्या गाड्यांत स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे चालकाचा पट्टा उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे येतो. शेजारच्याचा डाव्या खांद्यावरून उजवीकडे. त्यांनी कुणावर आरोप केला नाही. रजिस्टरात एवढंच उतरवलं: उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेपर्यंत तिरपा वळ, लांबी इतकी, रंग लाल. वेळ, तारीख, ओळखीच्या दोन खुणा, अंगठा. मग ठाण्याला वर्दी.

हा चुलतभाऊ वाईट माणूस नव्हता. पोलीस म्हणजे खर्च, असं त्याचं साधं गणित होतं. पण पुढे मोटार अपघात दाव्यांचं काम करणाऱ्या एका वकिलांकडे बसलो, तेव्हा या गणिताचं दुसरं टोक दिसलं. विमा कंपनीचा वकील सगळ्या कागदांतून केसपेपरचं पहिलं पान बाहेर काढतो. चुकीच्या बाजूनं आलेल्या डंपरनं धडक दिलेल्या एका पिकअपचालकाच्या केसपेपरवर, त्याला पहिल्यांदा ज्या खासगी दवाखान्यात नेलं तिथल्या अक्षरात, "घसरून पडला" असं होतं. पिकअपच्या मालकानं पॉलिसी संपलीय म्हणून तसं सांगितलं होतं. फिर्याद पंधरवड्यानं झाली. डंपर खरा, धडक खरी, मांडीत घातलेली सळई खरी. पण ते दोन शब्द पुसायला वकिलांना दोन साक्षीदार उभे करावे लागले.

म्हणून शुद्धीवर असलेल्यानं किंवा सोबतच्यानं काही गोष्टी त्याच दिवशी उरकाव्यात. रस्त्यावर गाड्या हलवण्याआधी मोबाइलवर फोटो काढावेत: नंबरप्लेट, टायरच्या खुणा, ट्रॉलीची मागची बाजू. दवाखान्यात जे घडलं तेच सांगायचं आणि काय लिहिलंय ते वाचून घ्यायचं. अपघात एका हद्दीत आणि दवाखाना दुसऱ्या, तरी फिर्याद घ्यावीच लागते. शून्य क्रमांकानं नोंदवून ती पुढे वर्ग होते. ज्यानं उचलून आणलं त्याला थांबवून धरायचं नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये आणि पुढे 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम 134-अ ने त्याला संरक्षण दिलंय. नाव सांगायचं की नाही हे त्यानं ठरवायचं. पैशाचा प्रश्न आलाच, तर मे 2025 मध्ये केंद्रानं अधिसूचित केलेल्या योजनेत अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमलेल्या रुग्णालयांत रोकड न भरता होतात. अंगठी गहाण ठेवण्याआधी निदान विचारून बघावं.

ठोकर देणारा पळून गेला आणि सापडलाच नाही, तर मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार सरकारी योजनेतून मिळतात. रक्कम तुटपुंजी आहे. सापडला तर दावा. 2019 च्याच दुरुस्तीनं त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे, ती ध्यानात ठेवलेली बरी. पोलिसांनी 48 तासांत पहिला अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवावा असा 2022 पासून नियम आहे, पण त्यावर विसंबून घरी बसू नये. दावा अपघाताच्याच जिल्ह्यात करायची सक्ती नाही. आपण राहतो तिथेही करता येतो. वॉर्डात सफरचंदं घेऊन भेटायला येणाऱ्या एजंटाच्या कोऱ्या वकालतनाम्यावर सही करू नये, हे मी माझ्या पदरचं सांगतो. आणि घरात मोटार असेल तर आजच पॉलिसी काढून बघा. फक्त थर्ड पार्टी असेल, तर तुमच्याच गाडीत बसलेली तुमची बायकापोरं सहसा त्यात येत नाहीत. मालक स्वतः चालवत असेल तर त्याच्यापुरतं 15 लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं. चूक त्याची असली तरी. कित्येक घरांत हे माणूस गेल्यावरही कळत नाही.

तो पिकअपचालक 38 वर्षांचा. त्याच्या बायकोनं औषधांच्या पावत्या, रिक्षाचे हिशेब, एक्स-रे सगळं एका खताच्या पिशवीत भरून आणलं होतं. वकिलांनी टेबलावर ते तारखेनं लावलं. गुडघा साठ अंशांपुढे वळत नाही, बोर्डानं 45 टक्के अपंगत्व दिलंय. महिना 20 हजार कमाई, वर्षाची 2 लाख 40 हजार. सरला वर्मा निकालानं 2009 मध्ये ठरवून दिलेल्या तक्त्यात 36 ते 40 वयाला 15 चा गुणक. म्हणजे 36 लाख, आणि त्याचे 45 टक्के 16 लाख 20 हजार. विमा कंपनी याच्याही खाली ओढत होती. वकील मात्र राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निकालावर बोट ठेवून होते: प्रमाणपत्रावरचे टक्के म्हणजे कमाईतलं नुकसान नव्हे. तोच गुडघा कारकुनाचा असता तर पगार चालू राहिला असता; याचं सगळं पोट क्लचवर. वकिलांनी हाडांच्या डॉक्टरांना साक्षीला बोलवायचं ठरवलं, आणि त्यांना एवढंच विचारायचं होतं, की या पायानं हा माणूस गाडीचा क्लच दिवसभर दाबू शकेल का. तारीख दिवाळीनंतरची मिळाली.