कासवाच्या पाठीवरचे दप्तर

शिवालयाच्या सभामंडपात नंदीच्या जवळ जमिनीत कोरलेले पाषाणाचे कासव असते, आणि त्याला हात लावून, तो हात कपाळी नेऊन मगच गाभाऱ्याकडे वळण्याचा शिरस्ता नाशिकसारख्या देवळांच्या गावात वाढलेल्या माणसाच्या अंगवळणी पडलेला असतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला उपमा आली ती याच प्राण्याची, समुद्रमंथनाच्या वेळी मंदार पर्वताचा भार तोलला तो यानेच, आणि संतवाङ्मयात वात्सल्याचा दृष्टांत म्हणून वारंवार येते तीही कासवीच: ती एका तीरावर, पिले दुसऱ्या तीरावर, आणि केवळ तिच्या दृष्टीने त्यांचे पोषण होते, अशी ती कल्पना. जीवशास्त्राचा शिक्षक म्हणून तीस वर्षे वर्गात उभा राहिल्यामुळे मला हे सांगणे प्राप्तच आहे की, मादी कासव अंडी मातीत पुरून निघून जाते ती पुन्हा तिकडे फिरकत नाही, आणि पिलू आपले पहिले दिवस पोटात शोषून घेतलेल्या बलकाच्या शिदोरीवर काढते. पुढे त्याला जे मातृत्व लाभते ते उन्हाचे, ओलीचे आणि मातीचे. आणि यांपैकी काहीही जेथे नाही अशा चौथ्या मजल्यावरच्या सदनिकेत ते पिलू आणले, की या साऱ्याचा बंदोबस्त करण्याचे दायित्व आणणाऱ्यावर येते.

हा विषय माझ्यापुढे आला तो गतवर्षी कार्तिकात. गंगापूर रोडला राहणाऱ्या माझ्या भाचीने मुलाच्या हट्टाखातर तळहातात मावेल एवढे एक पिलू घरी आणले, आणि आठव्या दिवशी तिचा दूरध्वनी आला: “मामा, ते खातच नाही हो. डोळेसुद्धा उघडत नाही. तुम्ही येऊन बघता का?” जाऊन पाहतो तो मासे ठेवण्याची काचेची टाकी, तळाशी रंगीत खडे, वर एक तांबडा दिवा आणि कोपऱ्यात पालकाची कोमेजलेली जुडी. “याला काही लागत नाही, पाला टाकला की झाले,” असे विकणाऱ्याने सांगितले होते. त्या टाकीतली एकूण एक वस्तू चुकीची होती. पिलू थंडगार पडले होते आणि बोट लावले तरी मान आत ओढून घेण्याचे त्राण त्याच्यात उरले नव्हते.

त्याला कोमट पाण्याच्या ताटलीत ठेवून मी प्रथम विचारले ते कागद. आपल्या भाषेत जमिनीवरच्या आणि पाण्यातल्या अशा दोन्ही प्राण्यांना कासव हा एकच शब्द असल्यामुळे मोठा घोटाळा होतो, भूकासव पाण्याच्या टाकीत सोडले जाते आणि बुडून मरते. परंतु कायद्याच्या दृष्टीने होणारा घोटाळा त्याहून गंभीर आहे. काळ्या कवचावर पिवळ्या चांदण्या उमटलेले, बाजारात ‘स्टार’ म्हणून हळूच कानात सांगितले जाणारे कासव हे गुजरात-राजस्थानच्या कोरड्या मुलखातले, आंध्र, कर्नाटक, तमिळनाडूच्या काटेरी रानातले आणि श्रीलंकेतले वन्य जीव आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनुसार त्याचा समावेश पहिल्या अनुसूचीत असून, ते बाळगणाऱ्यास किमान तीन व कमाल सात वर्षांची कैद आणि किमान २५,००० रुपयांचा दंड होऊ शकतो. २०१९ साली जिनिव्हा येथे भरलेल्या परिषदेत या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही पूर्ण बंदी घालण्यात आली. घरात कासव ठेवले की लक्ष्मी नांदते या समजुतीपायी ते रानातून पोत्यांत भरून येते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिणेतील एकाच व्यापारकेंद्रातून वर्षाकाठी किमान ५५,००० कासवे उचलली गेल्याचा अंदाज होता. ज्या देवळात आपण त्याच्या पाषाणमूर्तीला हात जोडतो, त्या श्रद्धेचा असा विपर्यास व्हावा याचे मला मनापासून दुःख होते. गोदावरीत आणि जिल्ह्यातल्या तळ्यांत सापडणारे, पोटाखालच्या झडपांनी मागचे पाय झाकून घेणारे कासवही तितकेच संरक्षित आहे. यांपैकी कोणतेही हाती आले, तर पेटी करण्याच्या भानगडीत न पडता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, हाच एक मार्ग.

भाचीचे पिलू सुदैवाने सुलकाटा निघाले: सहारा वाळवंटाच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यातले, आफ्रिकेचे. अशा परदेशी जातींची नोंद करण्यासाठी २८ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्र सरकारने नियम काढले असून, मालकी, हस्तांतर, जन्म आणि मृत्यू या सर्वांची वर्दी ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर द्यावी लागते. तिच्याजवळ हस्तांतराचा दाखला होता. तो नसता तर पुढचे काही मी लिहिले नसते.

आता पेटी. काचेची टाकी प्रथम रद्द केली, कारण पारदर्शक भिंत ही कल्पनाच कासवाच्या बुद्धीला अगम्य आहे. पलीकडचे दिसते म्हणून ते दिवसभर काचेला धडका देत राहते आणि त्या व्यर्थ खटाटोपात झिजते. सुताराकडून पाण्याला टिकणाऱ्या प्लायची चार फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट उंच पेटी करवून घेतली, आतून पाणी न शोषणारा रंग देऊन तो वास पूर्ण जाईपर्यंत आठवडाभर गच्चीवर वाळविला, आणि वरती दिव्यांपुरती जागा सोडून उरलेला भाग सरकत्या झाकणाने बंद केला. एवढ्याशा जिवाला एवढी मोठी पेटी कशाला, असे शेजाऱ्यांनी विचारले. त्याचे उत्तर असे की, कासवाच्या अंगात आपल्यासारखी उष्णता निर्माण होत नाही, ती त्याला बाहेरून उचलावी लागते. म्हणून एका टोकाला वैशाख आणि दुसऱ्या टोकाला भाद्रपद अशी दोन हवामाने एकाच पेटीत नांदली पाहिजेत, आणि त्या दोहोंच्या मधून आपल्या गरजेप्रमाणे जा-ये करण्याची मुभा त्याला असली पाहिजे. उष्ण टोकाला दिव्याखाली ३५ अंश सेल्सियस, दुसऱ्या टोकाला २६ अंश, आणि पिलू लहान आहे तोवर रात्रीही २५ च्या खाली नाही, असा हिशेब आम्ही ठरविला.

उष्णता द्यायची ती वरून, सूर्य देतो तशी; खालून तापणाऱ्या गाद्या आणि दगड यांचा दाह कासवाला वेळेवर उमगत नाही आणि पोटाचे कवच भाजते. रात्रीसाठी उजेड न देणारा, केवळ ऊब देणारा चिनीमातीचा दिवा आणि त्यावर पहारा ठेवणारा थर्मोस्टॅट घेतला, होल्डरही चिनीमातीचेच, कारण प्लॅस्टिकचे वितळते. तांबडा दिवा काढून टाकला. त्याऐवजी आली ती अतिनील किरणे देणारी नळी, आणि या नळीविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. कासवाच्या त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते ते २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांमुळे, आणि त्या जीवनसत्त्वावाचून खाल्लेला चुना हाडांत आणि कवचात मुरत नाही. खिडकीतून आत येणारे ऊन कितीही लखलखीत दिसले, तरी साधी काच हे किरण अडवून धरते. तेव्हा “आमच्या घरात भरपूर ऊन येते” हा दाखला येथे निरुपयोगी आहे. नळी पिलापासून साधारण फूटभर उंचीवर असावी, मध्ये काच किंवा प्लॅस्टिक नसावे, दिवसाचे बारा तास ती जळावी, आणि डोळ्यांना उजेड तसाच दिसत असला तरी सहा ते बारा महिन्यांत ती बदलावी, कारण आपल्याला न दिसणारा तिचा अंश आधी विझतो.

सर्वाधिक गैरसमज आहेत ते ओलीविषयी. वाळवंटातला प्राणी, म्हणून त्याला कोरडे ठेवावे, असा तर्क कोणीही करील, मीही केला होता. पण त्या मुलखातले कासव दिवसाचा बराच वेळ खोल बिळात घालविते, आणि बिळातली हवा दमट असते. व्हिएन्ना येथील वीस्नर आणि इबेन या दोन संशोधकांनी सुलकाटाची नुकतीच जन्मलेली पिले पाच महिने निरनिराळ्या आर्द्रतेत आणि निरनिराळ्या आहारावर वाढवून २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो असा की, पाठीवरची खवले पिरॅमिडासारखी उंच होत जाण्याची विकृती मुख्यतः कोरड्या हवेमुळे येते, आणि ज्या प्रथिनांना आजवर दोष दिला जात होता त्यांचा वाटा अल्प आहे. ही विकृती एकदा आली की जन्मभर राहते. कासवाचे कवच ही अंगावर घातलेली वस्तू नव्हे, त्याच्या बरगड्या आणि पाठीचा कणा त्या कवचातच सांधलेले असतात. पहिल्या दोन वर्षांत त्याला काय मिळाले आणि काय मिळाले नाही याची सारी नोंद त्या दप्तरात कायमची होते, आणि ती पुसण्याचा अधिकार कोणालाच नाही. (खवल्यांवरच्या रेषा मोजून वय सांगता येते ही समजूत मात्र खरी नव्हे, त्या रेषा वाढीच्या चढउतारांच्या, वर्षांच्या नव्हेत.)

म्हणून तळाशी रोपवाटिकेत मिळणारा कोकोपीट, भिजवून मुठीत घट्ट पिळून काढलेला, त्यात थोडी खतविरहित तांबडी माती मिसळून चार बोटे जाडीचा थर केला. पिलू त्यात स्वतःला पुरून घेऊ शकते. एका कोपऱ्यात आडवी ठेवलेली अर्धी मातीची कुंडी हे त्याचे बीळ, आणि कुंडीखाली ठेवतात ती उथळ परळ हे त्याचे पाणवठ्याचे ठिकाण, इतके उथळ की पाणी हनुवटीच्या वर जाऊ नये. आर्द्रतामापकाचा काटा सत्तर-ऐंशी टक्क्यांवर राहील असा प्रयत्न असतो. मात्र ओल आणि थंडी एकत्र आली की घात होतो, नाकातून बुडबुडे येतात, छाती भरते. ओल हवी ती उबेच्या जोडीनेच. सकाळी कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बसविण्याचा नेमही आम्ही ठेवला आहे.

नाशिकच्या हवेत हे सारे सांभाळणे हे ऋतुपरत्वे वेगवेगळे काम आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या या गावात पौषात निफाडकडून येणारा गारवा हाडांत शिरतो, आणि सुलकाटा ही शीतनिद्रा घेणारी जात नसल्यामुळे “झोपले असेल थंडीने” असे म्हणून स्वस्थ बसणे म्हणजे त्याला मरू देणे होय. चैत्रात हवा इतकी कोरडी होते की कोकोपीट दर दोन दिवसांनी शिंपावा लागतो. आषाढ-श्रावणात ओल आपोआप येते, परंतु सूर्य आठ-आठ दिवस दिसत नाही आणि वीज जाते. तेव्हा गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवण्याची तयारी हवी. हिवाळ्यात सकाळचे कोवळे ऊन मिळेल तेव्हा ते गच्चीवर जरूर द्यावे, अर्धी सावली असलेल्या टोपलीत, आणि माणूस शेजारी बसलेला असावा, कारण कावळा आणि घार दोघेही वर असतात.

अन्नाविषयी नाशिककर भाग्यवान आहे, आणि त्याच कारणाने त्याने सावधही असले पाहिजे. द्राक्षवेलीचे कोवळे पान हे कासवाचे उत्तम खाद्य, आणि आमच्या जिल्ह्यात ते हवे तेवढे. पण बागांवर वर्षभर औषधांची फवारणी चालते, मोरचूद आणि चुन्याची निळसर पुटे पानांवर दिसतात ती तर केवळ दिसणारी. बागेतले एकही पान मी भाचीला आणू देत नाही. तिच्या घरी कुंडीत लावलेल्या वेलीचे तेवढे चालते. मुख्य आहार गवताचा: धुतलेली हराळी बारीक कातरून, जास्वंदीची पाने-फुले, तुतीची पाने, काटे जाळून सोललेली निवडुंगाची फडी. शेवग्याचा पाला अधूनमधून. पालकात ऑक्झॅलेट असते, ते चुना बांधून ठेवते, म्हणून पालक नको. फळे, पोळी, दूध-भात तर मुळीच नको, कितीही प्रेमाने द्यावेसे वाटले तरी. कण्हेर, रुई, घाणेरी यांच्या आसपासही ते जाऊ नये. चुन्यासाठी काष्ठौषधींच्या दुकानातला समुद्रफेस, म्हणजे माकुळाचे हाड, अख्खे पेटीत ठेवले. ते पिलू स्वतःच्या गरजेप्रमाणे कुरतडते. ज्या वस्तूला परदेशी वेष्टनात दहापट किंमत पडते, ती आपल्या आजीच्या बटव्यात होती हे पाहून मला आनंद झाला.

उपचारासाठी सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य शोधावा लागला, आणि डोळे उघडायला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी त्याने जास्वंदीची पाकळी तोडली तेव्हा भाचीचा मुलगा शाळेत गेला नाही. आता दर रविवारी तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे वजन करून वहीत लिहितो. प्राणी मुका, तक्रार करण्याची रीत त्याला नाही. ग्रॅमचा आकडा दोन आठवडे एकसारखा खाली आला, तर तीच त्याची कैफियत समजावी लागते.

भाचीला एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी सांगितली होती. ही जात पूर्ण वाढली की चाळीस किलोच्या पुढे जाते, सत्तर वर्षांहून अधिक जगते; इंग्लंडातल्या सेलबोर्नच्या गिल्बर्ट व्हाइट या निसर्ग-अभ्यासकाला त्याचे कासव १७८० साली आत्येच्या पश्चात वारशाने मिळाले आणि त्याच्याही मागे ते उरले. नकोसे झाले म्हणून गंगापूरच्या जलाशयाकाठी किंवा गोदेच्या घाटावर सोडून देणे हा त्या जिवाचाही घात आणि इथल्या जीवसृष्टीचाही. तिने ते ऐकून घेतले, आणि दिंडोरीकडच्या दिराच्या मळ्यात भिंतीलगतची एक जागा दाखविली. तेथे घर बांधायला अजून दोन-तीन वर्षे आहेत. तोवर या दिवाळीनंतर सहा फुटांच्या पेटीचे माप सुताराला द्यायचे आहे, आणि या वेळी दिव्यांची बाजू थोडी उंच करायची आहे.