फोर्कलिफ्ट का कलंडते?

मालधक्क्यावर, मोठ्या गोदामात किंवा औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर तुम्ही हे यंत्र नक्की पाहिले असेल. ठेंगणी, जाडजूड गाडी, समोर दोन उभे खांब आणि खांबांवरून वरखाली सरकणारे दोन आडवे पोलादी काटे. चालक हे काटे लाकडी पॅलेटच्या पोटात घालतो, एक दांडा ओढतो आणि चाळीस पोत्यांची थप्पी ताटासारखी उचलून घेऊन जातो. हीच फोर्कलिफ्ट. अशा गाड्या शंभरेक वर्षांपासून वापरात आहेत. त्यांचे रूप पुष्कळ बदलले, पण ज्या तत्त्वावर त्या उभ्या राहतात ते आर्किमिडीजलाही ठाऊक होते.

बारावीला माझ्या वर्गात असलेला एक मुलगा आता चाकणजवळच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. मध्यंतरी दिवाळीला भेटायला आला, तेव्हा म्हणाला, "सर, तिथं शिकवलं एक आणि इथं चालतंय भलतंच. काटे जमिनीपासून वीतभरच वर ठेवून गाडी चालवायची, असं शिकवलं. इथं जुने लोक माल डोक्याच्या वर उचलूनच वळण घेतात. मी हळू चालवली तर हसतात. आणि सर, खरं सांगू? त्यांना काही होतही नाही."

त्याचे शेवटचे वाक्य मला महत्त्वाचे वाटले. नियम मोडूनही काही होत नसेल, तर नियम खोटा आहे काय? मी कागद काढला आणि आम्ही दोघांनी गणित मांडले. तेच येथे तुमच्यापुढे मांडतो. आकडे सोयीसाठी पूर्णांकात धरले आहेत, परंतु गोदामातल्या नेहमीच्या दोन टनी गाडीपासून ते फार दूर नाहीत.

खेड्यातल्या मुलांना 'उलाळ' हा शब्द माहीत असेल. बैलगाडीत मागच्या बाजूला जास्त ओझे भरले, की जू वर उचलले जाते आणि गाडी मागे कलते. गाडीची चाके हा टेकू, एका बाजूला ओझे, दुसऱ्या बाजूला जू. फोर्कलिफ्टही अशीच तरफ आहे. तिचा टेकू म्हणजे पुढची चाके. चाकांच्या पुढे काट्यांवरचा माल आणि मागे स्वतः गाडी. म्हणून गाडीच्या शेपटाकडे बिडाचा मोठा ठोकळा बसवलेला असतो. तो शोभेचा किंवा धक्क्यापासून बचावाचा नाही, तो तराजूतले वजन आहे.

आता समजा, गाडीचे वजन ३,५०० किलोग्रॅम आहे आणि तिचा गुरुत्वमध्य पुढच्या चाकांच्या आसामागे ०.९ मीटरवर आहे. वजन गुणिले टेकूपासूनचे अंतर म्हणजे परिबल. गाडीचे परिबल झाले ३,५०० × ०.९ = ३,१५०. काट्यांवर २,००० किलोग्रॅम माल आहे. काट्यांची पाठ आसाच्या पुढे ०.४ मीटर, आणि मालाचा मध्य त्या पाठीपासून ०.५ मीटर, म्हणजे एकूण ०.९ मीटर. मालाचे परिबल २,००० × ०.९ = १,८००. ३,१५० मधून १,८०० गेले, शिल्लक राहिले १,३५०. गाडी खुशाल उभी राहील.

ही १,३५० ची शिल्लक लक्षात ठेवा. पुढचा सगळा हिशेब तिच्यातूनच खर्च करायचा आहे.

गाडी चालत असताना ब्रेक दाबला की काय होते? बसमध्ये उभे असताना आपण पुढे झुकतो, तसेच माल आणि गाडी दोन्ही जडत्वामुळे पुढे झुकू पाहतात. ताशी १० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी साधारण दोन मीटरांत थांबवली, तर मंदन सेकंदाला सेकंदागणिक सुमारे २ मीटर पडते, म्हणजे गुरुत्वत्वरणाचा पाचवा भाग. हे झुकवणारे परिबल काढण्यासाठी वजनाचा पाचवा भाग घ्यायचा आणि त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने गुणायचे. माल खाली असेल, त्याचा मध्य जमिनीपासून ०.७ मीटरवर असेल, तर २,००० चा पाचवा भाग ४०० गुणिले ०.७ = २८०. गाडीचा गुरुत्वमध्य ०.६ मीटर उंचीवर धरला तर ७०० × ०.६ = ४२०. बेरीज ७००. शिल्लक होती १,३५०. गाडी थांबली, पॅलेट जागच्या जागी.

आता तोच माल, तोच वेग, तोच ब्रेक, पण मालाचा मध्य ३ मीटर उंचीवर. ४०० × ३ = १,२०० आणि गाडीचे ४२०, एकूण १,६२०. शिल्लक पुरली नाही. मागची चाके उचलली जाणार आणि गाडी नाकावर जाणार. शिकवताना सांगितलेली 'वीतभर' उंची या दोन बेरजांमधून आली आहे.

मग ते जुने चालक रोज उंच माल घेऊन फिरतात, त्यांचे कसे निभावते? त्याच कागदावर पाहा. ब्रेक अगदी हळुवार लावला, मंदन चौथाई केले, तर १,६२० चे होतात ४०५. निभावून जाते. अनुभवी माणसाचा हात हलका असतो, त्याला समोरचा रस्ता पाठ असतो, तो घाईचा ब्रेक लावतच नाही. दोन रांगांच्या मधून कोणी अचानक पुढे येईपर्यंत त्याला तो लावावा लागत नाही. मी त्या मुलाला म्हणालो, "अरे, ते लोक खोटे बोलत नाहीत. त्यांच्या हाताने शिल्लक खर्च होते आहे, पण अजून संपलेली नाही, एवढेच." शिल्लक किती उरली हे दाखवणारा काटा फोर्कलिफ्टवर सहसा नसतो. एक खूण मात्र असते. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते. शिल्लक कमी होते तसे मागच्या चाकांवरचे वजन कमी होते आणि स्टिअरिंग हलके लागू लागते. पुष्कळांना ते हलकेपण सुखाचे वाटते.

आणखी एक खर्च पाहा. माल वजनाने २,००० किलोग्रॅमच आहे, पण लांबट खोक्यात आहे, आणि त्याचा मध्य काट्यांच्या पाठीपासून ०.५ ऐवजी ०.९ मीटरवर आहे. परिबल २,००० × १.३ = २,६००. उरले फक्त ५५०. गाडी उभी राहते, चालतेही. आता माल खाली ठेवून नेहमीचा ब्रेक दाबला तरी लागतात ७००! म्हणजे काटे खाली ठेवण्याचा नियम पाळूनही गाडी जाईल. दोन टनी गाडी दोन टन उचलते हे अर्धेच वाक्य आहे. किती अंतरावर आणि किती उंचीवर, हे त्याचे उरलेले अर्धे. शिकवण्याच्या मैदानावर पॅलेट ठरलेले असते, त्याचे वजन आणि माप माहीत असते. गोदामात ट्रकमधून काय उतरेल ते ट्रकवाल्यालाही नीट सांगता येत नाही.

अशा वेळी एक युक्ती योजतात. गाडीचे शेपूट उचलू लागले, की दोन माणसांना मागच्या ठोकळ्यावर उभे करतात. प्रत्येकी ७० किलोग्रॅम, टेकूपासून २.१ मीटर. परिबल २९४. ५५० मध्ये २९४ मिळवा, ८४४ होतात आणि ७०० चा ब्रेक निभावतो. युक्ती गणितात बसते, आणि ती टिकून राहण्याचे कारणही हेच आहे. पण ती माणसे उभी आहेत कुठे? जिथे बसायला जागा नाही, धरायला धड काही नाही, आणि मागच्या चाकांनी वळणाऱ्या गाडीचे शेपूट जिथे सर्वांत जास्त फिरते, तिथे. सायकल किंवा मोटार वळते तेव्हा पुढचा भाग आधी वळतो. फोर्कलिफ्ट डावीकडे वळताना तिचे शेपूट झपकन उजवीकडे जाते. बाजूच्या खांबाला खेटून उभ्या असलेल्या माणसाला गाडी आपल्यापासून दूर वळताना दिसते, आणि धडक मात्र त्यालाच बसते. शिवाय काट्यांची साखळी आणि पुढचा आस यांच्यावर ठरल्यापेक्षा जास्त भार पडतो तो वेगळाच.

आतापर्यंत आपण पुढे कलंडण्याचाच विचार केला. आडवे कलंडणे अधिक घातक असते, आणि त्यात एक मोठे नवल आहे. मला वाटते, वर्गात हे सांगितले तर अर्ध्या मुलांचा विश्वास बसणार नाही.

फोर्कलिफ्टला चार चाके दिसतात, परंतु तोल सांभाळण्याच्या दृष्टीने तिला तीनच पाय आहेत. मागचा आस मध्यभागी एका खिळीवर टेकलेला असतो, म्हणजे खडबडीत जमिनीवर तो डोलू शकतो. म्हणून पुढची दोन चाके आणि मागची खिळी असा त्रिकोण तयार होतो. गुरुत्वमध्याचा लंब या त्रिकोणात पडला पाहिजे. घरी तीन पायांची तिपाई असेल तर एक प्रयोग करा. तिच्यावर एक वीट मधोमध ठेवा आणि तिपाई बाजूने हलकेच ढकला. मग वीट एका पायाच्या अगदी जवळ सरकवून तशीच आडवी ढकला. फरक हाताला कळेल, कारण त्रिकोण टोकाशी अरुंद असतो.

आपल्या गाडीत पुढची चाके एकमेकांपासून १ मीटरवर आणि खिळी आसामागे १.६ मीटरवर धरू. माल असताना एकत्रित गुरुत्वमध्य पुढच्या आसामागे सुमारे पाव मीटरवर येतो. तेथे मध्यापासून त्रिकोणाची कड सुमारे ४२ सेंटिमीटरवर असते. गाडी रिकामी असेल तर गुरुत्वमध्य मागे, ०.९ मीटरवर जातो, आणि तेथे कड फक्त २२ सेंटिमीटरवर! रिकामी गाडी आडवी कलंडायला भरलेल्या गाडीपेक्षा सोपी असू शकते. त्रिज्या २ मीटरची ठेवून वळण घेतले, तर या आकड्यांप्रमाणे ताशी १० किलोमीटरच्या आसपासच केंद्रोत्सारी प्रेरणा तिला कडेवर नेते. सायकल याहून वेगाने जाते.

माल पोचवला, हात मोकळे झाले, आता परत धावत जाऊ, असे कोणालाही वाटते. ट्रकची रांग लागलेली असते, मुकादम घड्याळ पाहत असतो. माझ्या विद्यार्थ्याच्या गोदामात एक गाडी कलंडली ती अशीच, रिकामी, परतीच्या वाटेवर, ओल्या फरशीवरच्या वळणावर. चालकाने उडी मारली. छपराची चौकट त्याच्या पायावर आली.

उडी मारणे हे साहजिक आहे, आणि म्हणूनच हा नियम आधी घोटवून घ्यावा लागतो. माणूस ज्या बाजूला पडतो आहे त्याच बाजूला उडी मारतो, आणि गाडीही त्याच बाजूला, त्याच्या मागोमाग येते. बसून चालवायच्या गाडीत पट्टा बांधलेला असावा, स्टिअरिंग घट्ट धरावे, पाय रोवावेत आणि गाडी पडते आहे त्याच्या विरुद्ध बाजूला अंग झुकवावे. चौकट चालकाच्या रक्षणासाठी आहे, पण तो आत असेल तरच. विचार करायला एखाद-दोन सेकंदही मिळत नाहीत. म्हणून पट्टा आधीच बांधायचा.

उतारांबद्दल थोडक्यात सांगतो. भरलेली गाडी चढावर सरळ जाते आणि उतारावर उलटी येते, कारण दोन्ही वेळा माल चढाच्या बाजूला राहिला पाहिजे. रिकाम्या गाडीचे याच्या उलट. कारण तुम्हीच वरच्या आकड्यांवरून काढा.

अमेरिकेत १९९९ पासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे फोर्कलिफ्ट चालकाला वर्गातले शिक्षण आणि प्रत्यक्ष सराव तर द्यावा लागतोच, पण ज्या जागी तो काम करणार तिथले उतार, अरुंद वाटा, फरशी, माल यांबद्दलही शिकवावे लागते. नंतर दर तीन वर्षांनी निदान एकदा त्याचे काम तपासतात, आणि मध्येच तो धोक्याने चालवताना आढळला किंवा अपघात होता होता राहिला तर पुन्हा शिकवतात. मैदानावर शिकलेले गोदामात जसेच्या तसे उतरत नाही, हे त्यात गृहीत धरले आहे. शिक्षक म्हणून मला हे फार पटते. प्रयोगशाळेत लंबकाचे वाचन बिनचूक घेणारा मुलगा घरचे लंबकाचे घड्याळ मागे पडले तर गोंधळतो, हे मी दरवर्षी पाहतो.

संक्रांतीच्या सुमारास त्याचा फोन आला. गाडीवर एक पत्र्याची पाटी असते, तिच्यावर किती अंतरावर आणि किती उंचीवर किती वजन चालेल हे कोरलेले असते, असे मी त्याला म्हणालो होतो. त्याच्या गाडीवर अशी पाटी नव्हती. म्हणजे होती, पण कधीतरी गाडी रंगवताना तिच्यावरही पिवळा रंग फासला होता. त्याने थिनर आणि चिंधी घेऊन जेवणाच्या सुट्टीत ती घासून काढली.

"सर, अर्धा मीटरवर दोन हजार लिहिलंय, बरोबर आपण धरलं होतं तसंच," तो म्हणाला. "पण काटे चार मीटरच्या वर गेले तर सोळाशेच. आम्ही रोज वरच्या फळीवर दोन हजार चढवतोय."

मी विचारले, मग आता? तो म्हणाला, मुकादमाला पाटी दाखवली, त्याने मोबाइलवर फोटो काढून घेतला. वरच्या फळीसाठी पॅलेटवर चाळीसऐवजी बत्तीस पोती रचायला सांगितली आहेत, आणि हमाल कुरकुरताहेत, कारण फेऱ्या वाढल्या.