शून्य माणसांचं गाव

मैत्रिणींनो, गाव म्हटलं की आधी माणसं आली, नाही का? पण फ्रान्समध्ये म्यूझ नदीकाठी एक गाव आहे, क्युमिएर. सरकारी जनगणनेत त्याच्या नावापुढे आकडा आहे शून्य!

पहिल्या महायुद्धाआधी इथे दोनशेच्या आसपास माणसं राहत होती. फेब्रुवारी १९१६ मध्ये शेजारी व्हर्दँची लढाई पेटली, ती थेट डिसेंबरपर्यंत चालली. गावकऱ्यांना आधीच बाहेर काढलं होतं. तोफगोळ्यांनी घरं, चर्च, रस्ते, सगळ्याची माती केली. निघताना बायकांनी दाराला कुलूप लावून किल्ली पदराशी जपलीही असेल. मागे दारच उरलं नाही.

युद्ध संपलं, तरी परतता आलं नाही. जमिनीत न फुटलेले गोळे, विषारी रसायनं, सैनिकांची हाडं. सरकारने या भागात शेती आणि घरं बांधायला बंदी केली, पुढे तिथे जंगल लावलं. अशी नऊ गावं उद्ध्वस्त झाली. तीन थोडीफार पुन्हा वसली, सहा रिकामीच राहिली.

मला नवल वाटतं ते पुढचंच. या सहा गावांची नावं सरकारने खोडली नाहीत. आपल्या ग्रामपंचायतीसारखं त्यांचं ‘कम्यून’ आजही कायम आहे. मतदार नाहीत, म्हणून निवडणूक नाही. तिथला जिल्ह्याचा प्रमुख सरकारी अधिकारीच महापौर नेमतो. एकही घर नसलेल्या गावाचा कारभारी! स्मारकं, प्रार्थनास्थळ नीट ठेवायचं आणि गावाची आठवण जागती ठेवायची, हेच मुख्य काम.

हे वाचताना मला आईची आठवण झाली. तिचं माहेर उजनी धरणाच्या पाण्यात गेलं. नव्या गावठाणाला जुनंच नाव मिळालं, घरंही उभी राहिली. पण भीमेचा तो घाट, तिथे धुणं धुताना होणाऱ्या गप्पा, कुणाच्या परड्यात कसलं झाड होतं, हे कुठल्याच दप्तरात नाही. ते फक्त आईला ठाऊक.

आपल्याकडे धरणात, रस्त्यात, खाणीत गेलेली गावं थोडी नाहीत. तुमच्या आजीचं, सासूबाईंचं गाव असं गेलं असेल, तर दुपारी निवांत त्यांच्यापाशी बसा. आळीत कोण कोण राहायचं, विहीर कुठे होती, विचारा. आणि मुलांच्या जुन्या वहीत का होईना, लिहून ठेवा. त्या सांगताहेत तोवरच!