एकसष्टावं लेकरू

गणित सोपं आहे, चौथीच्या लेकराला सुटेल असं. एका शाळेत पहिली ते चौथी असे चार वर्ग आहेत. प्रत्येक वर्गाला वर्षाकाठी ८०० तास शिकवलं पाहिजे, असं कायदा म्हणतो. शिक्षक दोन. तर एका वर्गाच्या वाट्याला शिक्षक किती तास आला?

चार वर्गांचे मिळून ३,२०० तास होतात. दोन माणसं, रोजचे चार तास, दोनशे दिवस, म्हणजे हाताशी आहेत १,६००. चार वर्गांत वाटले की प्रत्येकाला ४००. उरलेले ४०० तास वर्ग आहे, लेकरं आहेत, फळा आहे, शिक्षक मात्र बाजूच्या वर्गाला शिकवतोय. चार वर्षांचा हिशेब मांडला तर चौथी पास होऊन बाहेर पडलेल्या लेकराला शिक्षक मिळाला दोन वर्षं. आणि शाळा एकशिक्षकी असेल तर एकच वर्ष.

यात नियम कुठेच मोडलेला नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास सांगितलेत, आणि त्याच परिशिष्टात ६० पर्यंत पट असेल तर दोन शिक्षक सांगितलेत. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर. गुणाकार करून बघायचं तेवढं कुणाच्या डोक्यात आलं नसावं.

गुणाकार गुरुजी करतात. दोनशिक्षकी शाळेत गेलात तर आधी फळा बघा. मधोमध खडूची उभी रेघ असते. रेघेच्या डावीकडे पहिलीचे काना-मात्रेचे शब्द, उजवीकडे दुसरीची हातच्याची बेरीज. डावीकडची लेकरं गिरवत असताना गुरुजी उजवीकडे, उजवीकडची बेरीज करत असताना डावीकडे. पलीकडच्या खोलीत तिसरी-चौथीचं तेच. पहिलीला तीन विषय, दुसरीला तीन, तिसरीला चार, चौथीला परिसर अभ्यासाचे दोन भाग धरून पाच. बेरीज पंधरा. कला, खेळ, कार्यानुभव वेगळेच. खात्याच्या भाषेत याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात, आणि चांगला शिक्षक त्यातूनही वाट काढतो. चौथीची पोरगी पहिलीच्या पोराचं बोट धरून अक्षर काढून घेते, गटप्रमुख पाढे म्हणून घेतो. हे ४०० तास सगळे वाया जातात असं म्हणणं म्हणूनच अन्यायाचं होईल. पण ती पोरगी नऊ वर्षांची आहे आणि तिचा स्वतःचा भागाकार अजून कच्चा आहे, हेही मोजायला हवं.

आता हे गणित एका शाळेवरून उचलून राज्यावर ठेवू. महाराष्ट्रात २०२३-२४ मध्ये सगळ्या प्रकारच्या मिळून १,०८,२३७ शाळा होत्या. शिवराज्याभिषेकाच्या वर्षी, १६७४ ला, एखादा अधिकारी शाळातपासणीला निघाला असता आणि रविवार-दिवाळी न पाळता रोज एक शाळा बघत गेला असता, तर त्याची फेरी १९७० च्या आसपास संपली असती. त्यातल्या ८,१५२ शाळा २०२४-२५ च्या नोंदीप्रमाणे एकशिक्षकी. नुसत्या तेवढ्या बघायच्या म्हटल्या तरी बावीस वर्षं लागतील. देशभरात अशा शाळा १,०४,१२५, आणि त्यांत शिकणारी मुलं ३३ लाख ७६ हजार. आमच्या परभणी जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतली सगळी लोकसंख्या १८,३६,०८६. म्हणजे पाथरीपासून पूर्णेपर्यंत आणि जिंतूरपासून सोनपेठपर्यंत, नऊ तालुक्यांतलं पाळण्यातलं बाळ ते काठी टेकणारा म्हातारा असे सगळे धरले, तरी ते आणखी एकदा मोजायला लागतील.

एकशिक्षकी शाळेतला शिक्षक आजारी पडला, तालुक्याला मीटिंगला गेला, तर त्या दिवशी शाळा म्हणजे नुसत्या खोल्या. कायदा शिक्षकाला शिक्षणाबाहेरची तीनच कामं सांगतो: दर दहा वर्षांची जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणूक. बाकी ऑनलाइन माहिती भरणं, फोटो अपलोड करणं, लिंक आली की भरून पाठवणं, हे सगळं बहुधा शैक्षणिक कामातच धरत असावेत.

सरासरी काढणाऱ्यांना मात्र चित्र उलटंच दिसतं. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा आहेत, असा आकडा २०२३ मध्ये पुढे आला. त्यांत विद्यार्थी १,८५,४६७ आणि शिक्षक २९,७०७. भागून बघा. एका शिक्षकामागे सहा मुलं! एवढी चैन तर मोठमोठी फी घेणाऱ्या शाळांतही नाही, असं कुणालाही वाटेल. पण शाळेमागे शिक्षक दोनच, आणि बारा-तेरा लेकरं विखुरलेली चार वर्गांत. म्हणजे पुन्हा तेच ४०० तास. पट साठ असो की बारा, वर्ग चारच राहतात. आपल्याकडे शिक्षक डोक्यांवर मोजले जातात, वर्गांवर नाही, आणि हा सगळा घोळ त्या एका सवयीतून निघतो.

या आकड्यांवरचा उतारा म्हणून त्याच वर्षी समूह शाळांचा विचार निघाला. चार लहान शाळांची एक मोठी करायची, पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारचं तोरणमाळ हे त्याचे नमुने. हिशेबाला ठीक आहे. पण पहिलीच्या लेकराला एक किलोमीटरच्या आत शाळा हवी, हेही नियमातच आहे. आमच्याकडची काळी माती जुलैत किलोमीटरला किती लांब करते, हे चप्पल हातात घेऊन चाललेल्यालाच कळतं. शाळा एका लेकरासाठीही चालते. वाशिम जिल्ह्यातल्या गणेशपूरच्या जिल्हा परिषद शाळेत २०२३ च्या सुमारास एकच विद्यार्थी होता आणि एकच शिक्षक. गाव दीडशे माणसांचं. परिपाठ, प्रतिज्ञा, राष्ट्रगीत सगळं दोघांत.

उलट टोकाचंही उदाहरण आहे. पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यात जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेचा पट तीनवर आला होता. काही वर्षांत तो १२० च्या घरात गेला आणि २०२५ मध्ये जगातल्या उत्तम शाळांसाठीच्या एका स्पर्धेत तिला लोकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. तिनाचे एकशे वीस म्हणजे चाळीस पट. एवढ्या वेगानं आमच्याकडे फक्त गाजरगवत वाढतं.

पट हा शब्द आला की मराठवाड्यातल्या जुन्या शिक्षकांना २०११ आठवतं. शेजारच्या नांदेडला आधी पटपडताळणी झाली. मग ३ ते ५ ऑक्टोबरला सगळ्या राज्यात एकाच वेळी. एकच पोरगं दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून लेकरांच्या बोटाला शाई लावली, मतदानाला लावतात तशी. कागदावरची सुमारे २० लाख मुलं शाळेत सापडलीच नाहीत. आख्ख्या परभणी जिल्ह्याहून मोठा असा एक जिल्हा हजेरीपटावर नांदत होता, गणवेश घेत होता, खिचडी खात होता. निम्म्याहून कमी हजेरी सापडलेल्या शाळा निघाल्या १,४०४. हे उद्योग करणारे थोडे होते, पण झळ सगळ्यांना बसली. २ मे २०१२ च्या आदेशानं शिक्षकभरती थांबली आणि पवित्र पोर्टलवरून पहिली यादी लागली ती २०१९ ला. २०१२ च्या जूनमध्ये पहिलीत बसलेलं लेकरू तोवर आठवीत पोचलं होतं. शिक्षक मात्र दरवर्षी निवृत्त होतच राहिले.

त्यानंतरची मोठी भरती २०२४ ची. जाहिरात २१,६७८ पदांची, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या यादीत नावं ११,०८५. कायदा म्हणतो, मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून जास्त पदं रिकामी राहता कामा नयेत. दोनशिक्षकी शाळेला हा नियम लावून बघा. दोनाचे दहा टक्के म्हणजे शून्य पूर्णांक दोन शिक्षक. एक जागा रिकामी झाली की पन्नास टक्के. ‘रिकाम्या जागा भरा’ हा प्रश्न लेकरं दर चाचणीत सोडवतात, पाच गुणांना.

पैशाचं तर आणखी गमतीचं. पट साठ धरू. शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान मिळतं २५,०००. शाळेच्या दिवसांवर वाटलं तर रोजचे १२५ रुपये. यात खडू, रजिस्टर, वीजबिल, गळकं छप्पर, तुटलेला नळ. यातलेच किमान दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे, म्हणजे रोज साडेबारा रुपये. साठ लेकरांच्या संडास-मुतारीला साडेबारा रुपयांत किती फिनेल येतं, ते किराणा दुकानात विचारावं.

पोषण आहाराचं माप ग्रॅममध्ये आहे. लेकरामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. ताटात बघायचं तर डाळ चार-पाच चमचे आणि तेल एक चमचा. त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं निघाली पाहिजेत. तांदूळ सरकारचा. बाकी डाळ, तेल, भाजी, मीठ-मसाला, सरपण किंवा गॅस याला मे २०२५ पासून लेकरामागे ६ रुपये ७८ पैसे. साठ लेकरांचे ४०६ रुपये ८० पैसे, त्यात तीन किलो भाजी आणि एक किलो दोनशे ग्रॅम डाळ बसवायची. टोमॅटो महागला की खिचडी पांढरी होते. साठ लेकरांमागे स्वयंपाकाला दोन बाया, प्रत्येकीला महिन्याला २,५०० रुपये. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर रोजचे शंभर. रोजगार हमीवर माती उचलायचा रोज २०२५-२६ मध्ये ३१२ रुपये होता. सहा किलो तांदूळ निवडणं, शिजवणं, वाढणं आणि साठ ताटं घासणं याला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी मजुरी पडते. तरी बाई येते, कारण तिचं लेकरू बहुधा त्याच शाळेत असतं.

आणि तो एक रुपया. १९९२ मध्ये राज्यानं पहिली ते चौथीच्या, दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू केला. शाळेत आलेल्या दिवसाला एक रुपया, वर्षाला जास्तीत जास्त २२०. हेतू खरोखर चांगला होता. तीस वर्षं उलटून गेली, त्या मुलींच्या मुली पहिलीत येऊन गेल्या, रुपया रुपयाच राहिला. आज त्यात एक गोळी येते, लिमलेटची.

आता साठाव्या आणि एकसष्टाव्या लेकरातला फरक सांगतो, कारण गुरुजींची सगळी धडपड त्या एका लेकरासाठी असते. साठावं लेकरू शाळेत आलं की त्याच्यासोबत वर्षाला २० किलो तांदूळ येतो, डाळ-तेलाचे १,३५६ रुपये येतात आणि गणवेशाचे ६००. एकसष्टावं आलं की कायद्याच्या तक्त्यात पुढची ओळ लागते: ६१ ते ९०, शिक्षक तीन. त्या तक्त्याप्रमाणे ते एक लेकरू एक आख्खा माणूस घेऊन येतं. तो शिक्षणसेवक म्हणून आला तर महिन्याला १६,००० प्रमाणे वर्षाचे १,९२,०००, आणि तीन वर्षांनी २९,२०० मूळ पगारावर कायम. शिवाय तिसरा शिक्षक आला की ४०० तासांचे ६०० होतात, बाकीच्या साठ जणांचेसुद्धा. खाली असंच एकतिसावं लेकरू आहे. पट तीसपर्यंत असलेल्या शाळेला अनुदान १०,०००, एकतिसावं आलं की २५,०००. पंधरा हजारांचं लेकरू!

हा पट मोजतात ३० सप्टेंबरला. आमच्याकडे १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन असतं, त्याला सगळी लेकरं इस्त्रीचे कपडे घालून येतात. त्यानंतर दोन आठवड्यांत पट ठरतो, तोवर वर्ग भरलेले असतात. मग दिवाळीच्या आगेमागे गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूरच्या तांड्या-वाड्यांवरून ट्रॅक्टर निघतात ऊसतोडीला. उचल घेतलेली असते, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि मागे ठेवायला आजी नसेल तर लेकरू पाचटावरच. हंगामी वसतिगृहं सुरू होतात, काही थांबतात, काही जातात. मार्चमध्ये परत आलेल्या पोरीला चौथीचा भागाकार कोणत्या तासाला शिकवायचा? तिच्या ४०० मधलेही निम्मे तास उसाच्या फडात गेले.

तर पाडव्याला गुरुजी गल्लीगल्लीतून फिरतात. ‘गुढीपाडवा, पट वाढवा’ अशी मोहीमच असते. हलगी, फेरी, हातात फलक. दारोदार विचारणं चालतं, वहिनी, लेकराला सहा पुरी झाली का? समजा, यंदा साठ भरलेत. शेवटच्या घरात एक पोरगी आहे, धीट, दहापर्यंत आकडे म्हणणारी, दप्तरासाठी हटून बसलेली. आधार कार्ड आणलं जातं. ३१ डिसेंबरला सहा पूर्ण हवीत. पोरीची जन्मतारीख निघते ४ जानेवारी.

जुने गुरुजी असते तर त्यांनी चष्मा वर सारून रजिस्टरात सरळ १ जून लिहिलं असतं. निम्म्या मराठवाड्याचा वाढदिवस त्याच दिवशी येतो, तो काही उगाच नाही. आता ऑनलाइनला आधार लागतं. गुरुजी कार्ड परत देतात आणि पुढच्या वर्षीच्या वहीत पहिल्या ओळीवर तिचं नाव लिहून ठेवतात.