पातळ लॅपटॉपची मजबुती : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

काशीच्या चौकातून ठठेरी बाजाराच्या अरुंद गल्लीत शिरणारा मनुष्य, मग तो दुर्गाघाटावरचा जुना मराठी रहिवासी असो वा यात्रेस आलेला पुणेकर, तांब्याचा लोटा घेण्यापूर्वी त्याला टिचकी मारून नाद ऐकतो, बूड उलटे करून पाहतो आणि काठाची जाडी अंगठ्याने चाचपतो. परंतु साठ-सत्तर हजारांचा पातळ लॅपटॉप घेताना तोच मनुष्य ‘बॉडी मेटलची आहे ना?’ एवढा एकच सवाल करतो आणि विक्रेत्याची मान हललेली पाहून रक्कम अदा करतो. धातूचे नाव हीच जणू मजबुतीची सनद! ज्या नगरीत हिंदू विश्वविद्यालयाने १९२३ साली देशात प्रथम धातुशास्त्राचे पदवी-अध्यापन सुरू केले, तेथे तरी या समजाची शहानिशा करण्यास हरकत नसावी.

गैरसमज १ : कवच धातूचे असले की ते मजबूत, प्लास्टिकचे असले की कच्चे.

वस्तुस्थिती : ‘अ‍ॅल्युमिनियम’ हे एका पदार्थाचे नाव नसून एका कुटुंबाचे आडनाव आहे. काशीच्या दक्षिणेस सोनभद्र जिल्ह्यातील रेणुकूटच्या कारखान्यात १९६२ पासून जो धातू निघतो, तो शुद्ध स्वरूपात चांगलाच मऊ असतो. त्यात मॅग्नेशियम व सिलिकॉन यांचा अल्प अंश मिसळून त्यावर उष्णतेचे संस्कार केले, म्हणजे तो भार पेलण्यास लायक होतो. याशिवाय जाडीचा प्रश्न राहतोच. पत्र्याचा वाकण्यास होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी निम्मी केली की तो विरोध एक-अष्टमांश उरतो. म्हणून लगडीतून कोरून काढलेले अखंड कवच, ज्याचा मॅकबुक अ‍ॅपलने ऑक्टोबर २००८ मध्ये बाजारात आणला, आणि प्लास्टिकच्या चौकटीवर चिकटवलेला साच्यात दाबलेला पातळ पत्रा, या दोहोंना जाहिरातीत ‘मेटल बॉडी’ हे एकच बिरुद लाभत असले, तरी त्यांच्या गुणांत महदंतर असते.

आकाराचे माहात्म्य तर बनारसी कारागिरास कोणी शिकवावयास नको. राळेच्या गादीवर पत्रा बसवून, ठोकून नक्षी उठवण्याची जी कला येथे ‘खाल-उभार’ या नावाने चालते, तिच्यात हाताने सहज वळणारा पत्रा फुगीर आकार घेताच ताठ होतो. ठोकण्याने धातू कठीण होतो हे एक कारण आणि सपाटी मोडते हे दुसरे. प्लास्टिकच्या कवचाच्या आतील बाजूस उभ्या-आडव्या पट्ट्या ओतून हाच परिणाम साधतात. चांगल्या पट्ट्यांचे प्लास्टिक निकृष्ट पत्र्याहून सरस ठरते, ते याच कारणाने.

गैरसमज २ : हलका लॅपटॉप तकलादू असतो.

वस्तुस्थिती : अ‍ॅल्युमिनियमची घनता दर घन सेंटिमीटरला २.७ ग्रॅम, तर लॅपटॉपात वापरल्या जाणाऱ्या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची सुमारे १.८ ग्रॅम. मॅग्नेशियम जात्याच कमी ताठ आहे, हे खरे. पण तेवढ्याच वजनात त्याचा पत्रा दीडपट जाड घेता येतो आणि वर सांगितलेल्या घनाच्या नियमाने तो वाकण्यास अ‍ॅल्युमिनियमच्या दुपटीहून अधिक विरोध करतो. कार्बनच्या तंतूंचे कवचही अशाच हिशेबाने निवडतात. २०१२ मध्ये आलेल्या थिंकपॅड एक्स-वन कार्बनचे नावच त्यावरून पडले. मॅग्नेशियमवर रंगाचा थर असल्याने ते हातास प्लास्टिकसारखे लागते आणि ग्राहक आपण फसलो असे मानतो, हा त्या बिचाऱ्या धातूवर अन्याय आहे.

गैरसमज ३ : हाताला चटका बसला म्हणजे घडण वाईट.

वस्तुस्थिती : तोच चहा मातीच्या कुल्हडात आणि स्टीलच्या पेल्यात घेऊन पाहावा; चहा सारखाच कढत असला, तरी पेला बोटांना पोळतो आणि कुल्हड मुकाट्याने हातात राहतो. धातू प्लास्टिकपेक्षा शेकडो पटींनी अधिक उष्णता वाहून नेतो, म्हणून तेवढ्याच तापमानाला तो अधिक जाळतो. लॅपटॉपच्या पोटात तांब्याची एक चपटी नळी असते. तिच्यातील किंचितशा द्रवाची प्रोसेसरपाशी वाफ होते, ती दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा द्रवरूप होते आणि उष्णता पंख्याच्या स्वाधीन करते. धातूचे कवच कोमट लागते, तेव्हा उष्णता बाहेर पडत असल्याचा तो बहुधा दाखलाच असतो. खरी हानी होते ती उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे सरकला असता लॅपटॉप गादीवर ठेवून बुडाच्या जाळ्या बंद केल्याने.

गैरसमज ४ : ‘मिलिटरी ग्रेड’ म्हणजे लष्कराने पारखून दिलेला माल.

वस्तुस्थिती : मिल-स्टँडर्ड ८१० हा अमेरिकी लष्करी सामग्रीच्या कसोट्यांचा दस्तऐवज १९६२ चा असून त्याची ‘एच’ ही आवृत्ती २०१९ ची आहे. पडणे, कंपन, धूळ, दमटपणा अशा अनेक कसोट्या त्यात आहेत. परंतु त्यांतील कोणत्या घ्यावयाच्या आणि किती कठोरपणे, हे उत्पादक ठरवतो, आणि निकालावर शिक्का मारणारे कोणतेही सरकारी खाते नाही. तेव्हा नुसत्या शब्दावर न भुलता, कोणत्या कसोट्या घेतल्या त्याचा तपशील मागावा.

गैरसमज ५ : कवच शाबूत तर लॅपटॉप शाबूत.

वस्तुस्थिती : विश्वविद्यालयाच्या सिंहद्वाराबाहेर लंका भागातील एका दुरुस्तीच्या दुकानात मी एका विद्यार्थ्याचा लॅपटॉप उघडलेला पाहिला. वरचे झाकण अ‍ॅल्युमिनियमचे, लखलखीत, ओरखडाही नसलेले. परंतु डावी बिजागरी मोकळी लोंबत होती. कारागिराने चिमट्याने एक वस्तू उचलून माझ्या तळहातावर ठेवली: मसुराच्या दाण्याएवढी पितळेची पुंगळी, आतून आटे पाडलेली, आणि तिच्याभोवती अजून चिकटलेला फुटक्या प्लास्टिकचा तुकडा. बिजागरीचा स्क्रू या पुंगळीत बसतो आणि पुंगळी प्लास्टिकच्या खुंटीत. बिजागरीतील वंगण सुकते, ती जड होते, झाकण उघडताना लावलेला सगळा जोर त्या खुंटीवर येतो आणि एके दिवशी ती तडकते. ‘मेटल बॉडी’ खरी होती. मात्र भार ज्या जागी पडत होता, तेथे मेटल नव्हती.

याच जातीचा आणखी एक घोटाळा असा की, बूड फुगले किंवा टचपॅड वर उचलला गेला म्हणजे लोक पत्र्यास दोष देतात. पुष्कळदा आतील बॅटरी वायूने फुगलेली असते. तशा वेळी लॅपटॉप दाबून बसवण्याचा खटाटोप न करता तो तात्काळ बंद करून जाणकाराकडे न्यावा, कारण दाबलेली वा टोचली गेलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

तेव्हा दुकानात धातूचे नाव विचारावे; परंतु तेवढ्यावर न थांबता लॅपटॉप एका कोपऱ्याने उचलून तो कुरकुरतो का ते ऐकावे, कळफलकाच्या मध्यभागी अंगठा दाबून तो किती खचतो ते पाहावे, झाकण मधोमध धरून सावकाश उघडावे, आणि बिजागरीचे स्क्रू कशात बसवले आहेत, हे विक्रेत्यास अवश्य विचारावे. बहुधा त्याला उत्तर ठाऊक नसेल. अशा वेळी त्याच नमुन्याचा जुना लॅपटॉप उघडून पाहिलेल्या एखाद्या दुरुस्ती-कारागिराकडे जावे. त्याच्या चिमट्यातील पितळी पुंगळी विक्रेत्याच्या जाहिरातीहून अधिक खरे बोलेल.