प्रवासासाठी स्वस्त टॅब : कात्री कुठे लागली ते पाहा

दहा ते वीस हजारांत बसणारा टॅब शोधणाऱ्याला दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे ‘स्वस्तातला टॅब घेणं म्हणजे पैसे पाण्यात’ आणि दुसरा, ‘सगळे सारखेच, रॅम आणि बॅटरी बघ आणि घेऊन टाक’. दोन्ही सल्ले फसवे आहेत. किंमत खाली आणायची तर कंपनीला कुठेतरी कात्री लावावीच लागते, त्यात गैर काही नाही. पण ही कात्री खोक्यावर ठळक छापलेल्या आकड्यांना सहसा लागत नाही. रॅम, एमएएच, मेगापिक्सल, इंच हे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरणारे आकडे, त्यामुळे ते राखले जातात, प्रसंगी फुगवलेही जातात. काटछाट होते ती न छापलेल्या गोष्टींत : जीपीएसची चिप, साठवणुकीचा वेग, चार्जिंगची गती, सॉफ्टवेअर किती वर्षं ताजं मिळणार याचं आश्वासन. घरी वाय-फाय आणि सॉकेट हाताशी असताना यातलं काहीच जाणवत नाही. गाडी सुटली की जाणवतं. म्हणून स्वस्त टॅब निवडताना विचारायचा प्रश्न एकच : काटछाट कुठे झाली आहे, आणि तिथे ती आपल्याला चालणार आहे का?

पण त्याआधी मुळावरच येणारा एक आक्षेप. आता फोनच पावणेसात इंचांचे झालेत, मग टॅबचं ओझं कशाला? हा गैरसमज इंचांमुळे होतो. इंच मोजले जातात ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, आणि फोन उंच-अरुंद असल्याने त्याचे इंच फुकट फुगतात. 6.7 इंची फोन आडवा धरून नेहमीच्या 16:9 प्रमाणातला सिनेमा लावला, तर चित्राला साधारण साडेतेरा चौरस इंच जागा मिळते. 8.7 इंची टॅबवर तोच सिनेमा एकतीस चौरस इंचांवर पसरतो आणि 11 इंचीवर जवळपास एकोणपन्नासवर. म्हणजे आकड्यात दोन इंचांचा फरक, प्रत्यक्षात चित्र दुपटीहून मोठं. वाचनाचा हिशेब आणखी वेगळा आहे. मराठी पुस्तकांचा डेमी आकार साडेपाच बाय साडेआठ इंचांचा. 11 इंची टॅब उभा धरला तर त्याची रुंदी पावणेसहा इंचांच्या जरा वर भरते, त्यामुळे स्कॅन केलेलं पान मूळ मापात दिसतं. 8.7 इंचीवर ते चार-पंचमांश होतं, आणि फोनवर बोटांनी ताणून ओळ-ओळ सरकवत बसावं लागतं. साहित्य संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरचे जुने ग्रंथ पीडीएफमध्ये उतरवून प्रवासात वाचणाऱ्याला मोठ्या पडद्याची गरज खरी आहे. सिनेमे पाहणाऱ्याला आणि वरच्या बर्थवर आडवं पडून टॅब चेहऱ्यासमोर धरणाऱ्याला मात्र वजन आधी पाहावं लागेल. सॅमसंगचा 8.7 इंची टॅब ए9 सुमारे 332 ग्रॅमचा आहे, त्याचाच 11 इंची भाऊ ए9 प्लस 480 ग्रॅमचा. दीडशे ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं दुकानात वाटतं, बर्थवर अर्ध्या तासाने वाटत नाही.

दुसरा मोठा गैरसमज सिमचा. ‘प्रवासात न्यायचा म्हणजे सिमवालाच हवा’ हे वाक्य विक्रेत्यांच्याही तोंडी असतं, कारण त्यात किंमत चढते. 2025 मध्ये आलेल्या ए16 चिपच्या आयपॅडची वाय-फाय आवृत्ती 34,900 रुपयांना आणि सिम चालणारी 49,900 रुपयांना जाहीर झाली. तब्बल पंधरा हजारांचा फरक, एवढ्यात दुसरा साधा टॅब येतो. अँड्रॉइडमध्ये हा फरक कमी असतो, पण असतोच. त्या बदल्यात मिळतं काय? टॅबमधलं सिम फोनमधल्या सिमपेक्षा जास्त टॉवर पाहत नाही. कोकण रेल्वेवर 91 बोगदे आहेत, रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा आहे. तिथे फोनचा हॉटस्पॉटही जातो आणि टॅबचं सिमही जातं. उरतो तो आधी उतरवून ठेवलेला सिनेमा. शिवाय सिम टाकलं तरी फोन घरी ठेवता येत नाही. यूपीआयची नोंदणी त्याच यंत्रातल्या, बँकेला दिलेल्या नंबरच्या सिमवरून एसएमएस पाठवून होते, आणि ओटीपीही त्याच नंबरवर येतो. व्हॉट्सअॅपसाठी तर सिम लागतच नाही, फोनवरच्या खात्याला टॅब जोडता येतो. आयपॅडसाठी स्वतंत्र अॅप नव्हतं, ती अडचणही मे 2025 मध्ये संपली. यावर आक्षेप येईल की हॉटस्पॉटने फोनची बॅटरी उतरते. खरं आहे, उतरते, आणि ऐन वेळी तिकीट दाखवायला फोन बंद पडणं परवडत नाही. ज्यांना गाडीत तासन्‌तास ऑनलाइन काम करायचं आहे, किंवा ज्या ज्येष्ठांकडे बटणांचा साधा फोन आहे, त्यांनी सिमचे पैसे जरूर मोजावेत. बाकीच्यांनी वाचवावेत. स्टेशनवरच्या वाय-फायच्या भरवशावर मात्र कोणीच राहू नये. जानेवारी 2016 मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झालेली ती सेवा चांगली आहे, पण दिवसातला पहिला अर्धा तासच फुकट, तोही मोबाइलवर ओटीपी घेऊन, आणि गाडी हलली की संपली.

सिमच्याच शेपटाला एक छुपी काटछाट बांधलेली असते, ती जीपीएसची. ‘नेट नसेल तर जीपीएस चालत नाही’ असं पुष्कळांना वाटतं. वस्तुस्थिती उलट आहे : जीपीएसची चिप थेट उपग्रहांचे संकेत ऐकते, तिला नेट लागत नाही. नेट असलं तर पहिल्यांदा ठिकाण लवकर सापडतं, नसलं तर थोडा वेळ जातो, एवढंच. नेट लागतं ते नकाशाचं चित्र आणायला, आणि ते गुगल मॅप्सवर आधी उतरवून ठेवता येतं. मात्र उतरवलेल्या नकाशावर गुगल गाडीचा रस्ता सांगतं, पायी जाण्याचा सांगत नाही. गडकिल्ल्यांवर भटकणाऱ्यांनी ऑर्गॅनिक मॅप्ससारखी पूर्ण ऑफलाइन अॅप्स घ्यावीत. पण हे सगळं चिप असेल तर. वाय-फाय आवृत्तीच्या आयपॅडमध्ये ती नसते, फक्त सिमच्या आवृत्तीत असते. अँड्रॉइडच्या काही वाय-फाय टॅबमध्ये असते, काहींत नसते. गंमत म्हणजे चिप नसलेला टॅबही घरी बिनचूक ठिकाण दाखवतो, कारण तो आसपासच्या वाय-फाय राउटरांवरून अंदाज बांधत असतो. माळशेज घाटात राउटर नाहीत. गाडीच्या डॅशबोर्डवर नकाशा म्हणून टॅब लावायचा असेल, तर तपशिलांत जीपीएस किंवा जीएनएसएस हा शब्द सापडल्याशिवाय पैसे देऊ नयेत. सिनेमा आणि वाचन एवढंच करायचं असेल तर जीपीएसची गरज नाही, ते काम फोन करतोच.

पडद्याच्या बाबतीत ‘फुल एचडी’ या शब्दांवर माणसं भाळतात. सिनेमांचा चोरीपासून बचाव करण्यासाठी गुगलची वाइडव्हाइन नावाची व्यवस्था अँड्रॉइडवर असते. तिची एल1 पातळी नसेल, फक्त एल3 असेल, तर पडदा कितीही बारीक असो, नेटफ्लिक्स साध्या 480पी दर्जाचंच चित्र देतं. स्वस्त आणि अनोळखी कंपन्यांच्या टॅबमध्ये ही कात्री लागलेली सापडते, आणि खोक्यावर तिचा उल्लेख नसतो. तपासणं सोपं आहे. टॅबवर नेटफ्लिक्सचं अॅप उघडून सेटिंग्जमध्ये प्लेबॅक स्पेसिफिकेशन पाहावं. वाइडव्हाइनची पातळी आणि जास्तीत जास्त मिळणारा दर्जा तिथे लिहिलेला असतो. पण इथेही आपली गरज आधी पाहावी. महिना 149 रुपयांचा नेटफ्लिक्सचा मोबाइल प्लॅन घेतलेल्यांना मुळातच 480पी मिळतं, त्यांनी एल1 नाही म्हणून रडण्याचं कारण नाही. वाचणाऱ्यांसाठी मात्र पडद्याचा बारकावा खरोखर मोलाचा, आणि देवनागरी वाचणाऱ्यांसाठी जरा जास्तच. 10.1 इंची पडद्यावर 1280 बाय 800 ठिपके म्हणजे इंचाला सुमारे दीडशे, 11 इंचीवर 1920 बाय 1200 म्हणजे इंचाला दोनशेच्या वर. रोमन अक्षरं दीडशेवरही भागून जातात. पण स्कॅन केलेल्या पानावरचा रफार, अनुस्वार, पोटात गेलेला र आणि दुमजली जोडाक्षरं दीडशेवर एकमेकांत मिसळू लागतात. दुकानात दाखवायला लावलेला रंगीत फुलपाखरांचा व्हिडिओ बंद करायला सांगून एखादं मराठी पीडीएफ उघडावं, फरक दिसतो.

रॅमबद्दल थोडक्यात. ‘4+4 जीबी’ असं लिहिलेलं असेल तर खरी रॅम चार आहे. उरलेली चार म्हणजे साठवणुकीतून उसनी घेतलेली जागा, आणि स्वस्त टॅबमध्ये ती साठवणूक बहुधा ईएमएमसी प्रकारची, म्हणजे महागड्या यंत्रांतल्या यूएफएसपेक्षा बरीच संथ असते. एका वेळी एकच गोष्ट करणाऱ्या प्रवाशाला खऱ्या चार जीबीत निभावता येतं. साठवणुकीचा प्रश्न त्याहून मोठा, कारण नेट नसताना टॅब म्हणजे त्यात भरून नेलेलं सामान. 64 जीबीतला मोठा वाटा सिस्टिम आणि अॅप्स खातात, आणि एचडी दर्जाचा तासाभराचा व्हिडिओ तीन जीबीपर्यंत जागा घेऊ शकतो. तरी 64 जीबीचा टॅब टाकाऊ नाही, फक्त त्याला मायक्रोएसडी कार्डाची खाच हवी. आयपॅडला ती नसते. मागचा कॅमेरा किती मेगापिक्सलचा आहे हे पाहण्यात वेळ घालवू नये.

बॅटरीच्या आकड्याइतका दुसरा कुठलाच आकडा गैरसमज पसरवत नाही. एमएएच ही ऊर्जा नव्हे. ऊर्जा वॅट-अवरमध्ये मोजतात, त्यासाठी एमएएचला बॅटरीच्या व्होल्टेजने गुणावं लागतं. 7040 एमएएचचा टॅब साधारण 27 वॅट-अवरचा. 10,000 एमएएचची पॉवर बँक 37 वॅट-अवरची, पण व्होल्टेज बदलताना आणि भरताना त्यातला काही भाग उष्णतेत जातो. त्यामुळे दहा हजार भागिले सात हजार असं गणित करून ‘दीड वेळा भरेल’ म्हणणाऱ्याला प्रत्यक्षात जेमतेम एक भरण मिळतं. चार्जिंगच्या गतीलाही कात्री लागलेली असते. 15 वॅटवर 27 वॅट-अवर भरायला कागदावरच पावणेदोन तासांच्या वर लागतात, शेवटचा टप्पा संथ असल्याने प्रत्यक्षात आणखी. घरातला जुना पाच वॅटचा चार्जर लावला तर पाच तासांच्या पुढे. रेल्वेत हे अंगाशी येतं, कारण आगीच्या धोक्यामुळे रात्री 11 ते पहाटे 5 या वेळात डब्यातली चार्जिंग सॉकेट बंद ठेवण्याचं धोरण रेल्वेने 2021 मध्ये घेतलं. ‘रात्रभर लावून ठेवू’ हा बेत तिथेच कोसळतो. विमानात पॉवर बँक सामानाच्या बॅगेत टाकता येत नाही, हाताशीच ठेवावी लागते. 100 वॅट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, म्हणजे वीस हजार एमएएचचीही चालते. पण ‘चालते’ म्हणजे नेता येते. दुबईमार्गे जाणाऱ्या अनेकांच्या तिकिटावर ज्या एमिरेट्सचं नाव असतं, तिने 1 ऑक्टोबर 2025 पासून विमानात पॉवर बँक वापरण्यावर बंदी घातली आहे. टॅब घरून पूर्ण भरून न्यावा, हे उत्तर अगदीच साधं आहे, पण दुसरं नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की एवढे कंगोरे तपासत बसण्यापेक्षा एकदाच महागातला घ्यावा. त्यात तथ्य आहे, ते सॉफ्टवेअरच्या आयुष्यापुरतं. 2020 चा आठव्या पिढीचा आयपॅड 2025 मध्ये आलेल्या आयपॅडओएस 26 लाही चालतो. स्वस्त अँड्रॉइड टॅबकडून एवढी अपेक्षा धरता येत नाही. पण याच मुद्द्यातून स्वस्ताईची दुसरी वाट निघते : चांगल्या स्थितीतला जुना आयपॅड. त्याची बॅटरी मात्र तपासून घ्यावी, कारण अॅपलच्याच सांगण्यानुसार हजार पूर्ण चार्जिंगनंतर ती 80 टक्के क्षमता राखेल अशी बनवलेली असते, म्हणजे त्यानंतर ती उतरणीला लागलेली धरायची. नवा अँड्रॉइड घेताना टॅब बाजारात कधी आला हे विचारावं. अद्ययावतीकरणाची वर्षं आपल्या खरेदीपासून मोजली जात नाहीत, टॅब बाजारात आल्यापासून मोजली जातात. ऑक्टोबर 2023 चा टॅब दोन वर्षांनी दिवाळीच्या सेलमध्ये निम्म्यात मिळत असेल, तर त्याचं निम्मं आयुष्यही सरलेलं असू शकतं. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून स्वस्तात येणाऱ्या अॅमेझॉनच्या फायर टॅबमध्येही कात्री आहेच : त्यात गुगलचं प्ले स्टोअर नसतं, अॅमेझॉनचं स्वतःचं अॅप-दुकान असतं, आणि आपल्याकडची कित्येक अॅप्स तिथे सापडत नाहीत.

तेव्हा सिनेमे आणि गाण्यांसाठी आठ-नऊ इंची, वाय-फायवाला, खऱ्या चार जीबी रॅमचा, कार्डाची खाच असलेला टॅब घ्या. मराठी पीडीएफ वाचायची असतील तर 11 इंचीवर आणि इंचाला दोनशे ठिपक्यांवर पैसे घाला, बाकी कुठे नको. आणि बदलून देण्याची मुदत संपायच्या आत एक संध्याकाळ त्याची परीक्षा घ्या : सिनेमा, पुस्तक आणि नकाशा उतरवा, घराबाहेर पडा, वाय-फाय आणि फोनचा हॉटस्पॉट दोन्ही बंद करा आणि तिन्ही उघडून पाहा. जे चालणार नाही, ते प्रवासातही चालणार नाही.